अवघड शब्द कुणाला अवघड?

इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच सांगणारा पहिला कोश निघाला तो बायकांसाठी. साल १६०४, गाव लंडन, पुस्तकाचं नाव 'अ टेबल अल्फाबेटिकल' आणि कर्ता रॉबर्ट कॉड्री. शब्द साधारण अडीच हजार. त्या काळी पुस्तकाच्या शीर्षकपानावरच अर्धी प्रस्तावना छापायची रीत होती. कॉड्रीनेही तिथेच सांगून टाकलंय की हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेले, अवघड पण रोजच्या वापरातले शब्द इथे साध्या इंग्रजीत उलगडून दिले आहेत. आणि ते कुणासाठी, तर स्त्रिया, घरंदाज बायका आणि 'इतर' अडाणी माणसं यांच्या सोयीसाठी. हा 'इतर' शब्द बघा. बायका अडाणी हे आधीच ठरलेलं, त्यांच्या पंगतीला बाकीचे आणून बसवले.

वाचल्यावर राग येतो. पण थोडं पुढे गेलं की रागाची जागा दुसरंच काही घेतं. कॉड्री हा रटलंड नावाच्या छोट्या परगण्यातला धर्मोपदेशक आणि शाळामास्तर. चर्चच्या रीतीभातींबद्दल त्याची मतं वरिष्ठांना पटली नाहीत, म्हणून त्याची जागा गेली. त्याने हे पुस्तक पाच बायकांना अर्पण केलंय, आणि त्या पाचही सख्ख्या बहिणी, हॅरिंग्टन घराण्यातल्या. अर्पणपत्रिकेत तो सांगतो की तुमचा भाऊ ओकहॅमच्या ग्रामर स्कूलमध्ये माझा विद्यार्थी होता. इथे मी थांबले. ग्रामर स्कूल म्हणजे त्या वेळी लॅटिनचं व्याकरण शिकवणारी शाळा, आणि ती मुलग्यांची. घर एकच, आई एकच, भाऊ मास्तरांकडे लॅटिन घोकायला गेला आणि बहिणी घरी राहिल्या. मग चर्चमधल्या प्रवचनात, पुस्तकात, बैठकीच्या खोलीत लॅटिनवरून आलेला एखादा लांबलचक शब्द कानावर पडला की भावाला तो सोपा आणि बहिणींना अवघड. शब्द तोच. अवघडपणा शब्दात नव्हताच, तो शाळेच्या उंबऱ्यात होता. भावाच्या मास्तरांनी म्हातारपणी बहिणींसाठी अडीच हजार शब्दांची शिदोरी बांधून पाठवली, असं मी त्या पुस्तकाकडे बघते.

त्याच्या प्रस्तावनेत एक तक्रारही आहे. ती मुळात त्याची नाही, पन्नास वर्षं आधीच्या टॉमस विल्सन या लेखकाची, पण त्याने ती उचललीय. तक्रार अशी की काही लोक परदेशी शब्दांच्या मागे लागून इतके वाहवत जातात की त्यांच्या आया आज जिवंत असत्या तर पोरगा काय बोलतोय ते त्यांना कळलं नसतं. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातली ही गोष्ट. आमच्या बेळगावात इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवंडांशी बोलणाऱ्या कितीतरी आज्या हे वाक्य जसंच्या तसं ऐकून मान डोलवतील.

कॉड्रीनंतर अशा 'अवघड शब्दांच्या' कोशांची रीघच लागली. १६२३ साली हेन्री कॉकरमने आपला कोश काढला. त्याच्याही गिऱ्हाइकांच्या यादीत स्त्रिया पहिल्या, मग विद्यार्थी, कारकून, व्यापारी, परदेशी माणसं. पण कॉकरमने एक नवी शक्कल लढवली. पुस्तकाच्या एका भागात अवघड शब्द देऊन त्याचा सोपा अर्थ, हे नेहमीसारखंच. दुसऱ्या भागात मात्र उलटा प्रवास. सोपा, गावठी शब्द शोधा आणि त्याच्या बदल्यात झोकदार शब्द घ्या. आज बाजारात 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी'च्या ज्या वह्या, पुस्तकं मिळतात त्यांचं मूळ मला या दुसऱ्या भागात दिसतं. कॉड्री म्हणत होता, तुम्हाला कळावं. कॉकरम म्हणत होता, तुमची छाप पडावी. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, पण त्या एक नाहीत. पुढे १६५६ मध्ये टॉमस ब्लाउंटने आपल्या 'ग्लॉसोग्राफिया'त गिऱ्हाइकाचं वर्णन जरा सुधारलं. जास्त जाणणाऱ्या बायका आणि कमी जाणणारे पुरुष यांच्यासाठी हे पुस्तक, असं तो म्हणतो. अडाण्यांच्या पंगतीतून निदान अर्ध्या वाटेवर तरी आणलंन.

इंग्रजीतच एवढे समानार्थी शब्द का, याचं उत्तर त्या देशाच्या इतिहासात आहे. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, लढाई जिंकला आणि इंग्लंडचा राजा झाला. त्यानंतर दोन-तीनशे वर्षं दरबारात, कचेरीत, बड्यांच्या वाड्यात फ्रेंच. शेतात आणि चुलीपाशी जुनी इंग्रजी. चर्चमध्ये आणि विद्यापीठात लॅटिन. हे समजावताना सगळी पुस्तकं गोठ्यातल्या जनावराचं नाव इंग्रजी आणि ताटातल्या मांसाचं नाव फ्रेंच, हेच उदाहरण देतात. आपल्या पुस्तकात ते ताट नको, दुसरी उदाहरणं भरपूर आहेत. विचारणं म्हणजे 'आस्क', हा घरचा जुना शब्द. 'क्वेश्चन' फ्रेंचांकडून आला. 'इंटरॉगेट' थेट लॅटिनमधला. आई पोराला 'आस्क' करते, वकील साक्षीदाराला 'क्वेश्चन' करतो आणि पोलीस आरोपीला 'इंटरॉगेट' करतात. भीतीचे तसेच तीन, 'फिअर', 'टेरर', 'ट्रेपिडेशन'. राजाचे तीन, 'किंगली', 'रॉयल', 'रीगल'. जमिनीचे थर असतात तसे हे शब्दांचे थर. खालच्या थरातला शब्द आखूड आणि उबदार, वरच्या थरातला लांब आणि थंड. परीक्षेत विचारतात तो बहुतेक वेळा सगळ्यात वरचा.

मराठीला हे नवं नाही. आपल्याकडे भीती आहे, संस्कृतातून सरळ उचललेलं भय आहे आणि फारसीच्या वाटेने आलेली दहशत आहे. भीती अंधाराची वाटते, भय पापाचं बाळगायचं असतं, दहशत गुंडाची बसते. आणि आम्हा सीमेवरच्यांच्या घरात अण्णा, अक्का तर कन्नडच. कुठला शब्द कुठून आला हे आपण बघत नाही, पण कुठे कुठला चालतो ते चुकत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात आलं ते भाचीच्या वहीमुळे. ती बँकेच्या परीक्षेला बसतेय. रोज वीस शब्द, प्रत्येकापुढे बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे समानार्थी. मग एक उभी रेघ आणि विरुद्धार्थी. तिने वही माझ्या हातात देऊन 'मावशी, धर आणि विचार' म्हटलं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. 'फ्रूगल' बरोबर 'थ्रिफ्टी' बरोबर 'पार्सिमोनियस'. मला ते बरोबरचं चिन्ह खटकलं. यातला पहिला आणि दुसरा काटकसरी आहे, तिसरा चिक्कू. काटकसरी म्हटलं तर सून खूश होते, चिक्कू म्हटलं तर चार दिवस बोलत नाही. वहीत मात्र तिघांच्या मध्ये तेच बरोबरचं चिन्ह.

इथे मला आपल्या घरातलं एक जुनं सोनं आठवलं. आपल्या स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा पहिला अध्याय आपण कितीदा वाचला असेल. शेवटच्या सूत्रात सात नय येतात, नैगम, संग्रह, व्यवहार, ऋजुसूत्र, शब्द, समभिरूढ, एवंभूत. पहिल्या तिघांवर बरीच चर्चा होते, सहाव्यापर्यंत येईतो जेवायची वेळ झालेली असते. पण शब्दांच्या दृष्टीने खरी गंमत या सहाव्यात आहे. आचार्य पूज्यपाद 'सर्वार्थसिद्धी' या टीकेत समभिरूढ नय समजावताना इंद्राचं उदाहरण देतात. इंद्र, शक्र, पुरंदर ही एकाच देवराजाची नावं असं आपण म्हणतो. समभिरूढ नय म्हणतो, थांबा. ऐश्वर्य गाजवतो म्हणून इंद्र, सामर्थ्य आहे म्हणून शक्र, नगरं फोडतो म्हणून पुरंदर. शब्द वेगळा आहे त्या अर्थी अर्थही वेगळा आहे. सातवा एवंभूत नय तर आणखी कडक. जो ज्या वेळी ते काम करत असेल त्याच वेळी त्याला ते नाव द्या, एरवी नाही. त्या हिशेबाने मी लिहीत असते तेवढा वेळच लेखिका. कुकरची शिट्टी झाली की संपलं.

म्हणजे पर्यायी शब्द खरोखर एकमेकांची जागा घेऊ शकतात का, हा प्रश्न दक्षिणेतल्या एका दिगंबर आचार्यांनी दीड हजार वर्षांपूर्वी हाताळला होता आणि उत्तर एकाच बाजूने दिलं नव्हतं. एका नयाने ते एक, दुसऱ्या नयाने वेगळे. दोन्ही दृष्टी ठेवायच्या. आणि हे फक्त पोथीत नाही, आपल्या जिभेवर आहे. घरची माणसं जेवतात, पाहुण्यांचं भोजन होतं आणि मुनिमहाराजांचा आहार होतो. 'महाराज जेवले' असं लहान मूल बोललं तर शेजारची आजी लगेच दुरुस्त करते. तीनही वेळा क्रिया एकच, अन्न पोटात जाणं. पण शब्दाबरोबर उभं राहण्याची पद्धत, शुद्धी, मन सगळं बदलतं. ज्या बाईला हा फरक कळतो तिला इंग्रजीतले समानार्थी शब्द शिकायला कुणाची भीती वाटू नये.

नेमका हाच फरक सांगायला इंग्रजीत एक बाई उभी राहिली होती, तिची ओळख करून द्यायचीच आहे. हेस्टर लिंच, जन्म १७४१, मूळची वेल्सची. १७६३ साली तिचं लग्न हेन्री थ्रेल या लंडनजवळच्या बड्या मद्य-कारखानदाराशी लावून दिलं गेलं. बारा बाळंतपणं झाली, मोठ्या होईपर्यंत जगल्या त्या चार मुली. या संसारात तिच्या घरी येऊन-जाऊन, पुढे तर मुक्कामालाच असायचा तो सॅम्युअल जॉन्सन, इंग्रजीचा १७५५ सालचा सुप्रसिद्ध कोश करणारा. जॉन्सनला वेळीअवेळी चहा करून देणं, त्याचं दुखणंखुपणं, त्याचे उदास दिवस सांभाळणं हे सगळं हेस्टरने जवळजवळ सोळा-सतरा वर्षं केलं. १७८१ मध्ये नवरा वारला. तीन वर्षांनी तिने मुलींचे संगीतशिक्षक गॅब्रिएल पिओत्झी यांच्याशी लग्न केलं. इटालियन, कॅथलिक, वर गाण्याचा मास्तर! लंडनच्या प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली, मुली दुरावल्या आणि जॉन्सनने रागाचं पत्र लिहून संबंध तोडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो गेला.

याच बाईंनी १७९४ साली 'ब्रिटिश सिनॉनिमी' नावाचं दोन खंडांचं पुस्तक छापलं. घरगुती संभाषणात शब्द निवडावा कसा, हा विषय. त्याच्या आधी जॉन ट्रस्लर या गृहस्थाने १७६६ मध्ये समानार्थी शब्दांतला फरक सांगणारं पुस्तक काढलं होतं, पण ते विद्वत्तेच्या वळणाचं. हेस्टरबाईंचं पुस्तक बैठकीच्या खोलीतलं. प्रस्तावनेत त्या म्हणतात त्याचा मथितार्थ असा, की लिहावं कसं हे पुरुषांनी शिकवावं, पण रोजच्या बोलण्यात शब्द कुठला घ्यावा हे सांगायला वर्षानुवर्षं बोलण्याची सवय असलेली बाई काही अगदीच नालायक नाही. आपलं पुस्तक ग्रंथालयाच्या फळीवर शोभणार नाही, दिवाणखान्याच्या खिडकीत पडलेलं असावं, असंही त्या लिहितात. हा विनय आहे की चिमटा, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी चिमटा वाटतो. ते पुस्तक परदेशी माणसांच्या उपयोगासाठी होतं आणि घरातच एक परदेशी होता. व्याकरण शिकून आलेला माणूस चारचौघांत बोलताना कुठे अडखळतो, लोक कुठे ओठ दाबून हसतात, हे नवऱ्याच्या शेजारी बसून त्यांनी रोज पाहिलं असणार.

टीका व्हायचीच होती. विल्यम गिफर्ड नावाच्या टीकाकाराने लिहिलं की अशा कामाला लागणारी एकही पात्रता बाईंकडे नाही, एका शब्दाची धड व्याख्या करता येत नाही, आणि लॅटिन म्हणाल तर लहान मुलांच्या पुस्तकातलं, अज्ञान उघडं पाडण्यापुरतं. पुन्हा लॅटिन. कॉड्रीच्या पाच बहिणींना ज्या उंबऱ्यावर थांबवलं, तिथेच दोनशे वर्षांनी हेस्टरबाईंना अडवलं. कोशकाराच्या उशापायथ्याशी सोळा वर्षं शब्दांचं बोलणं ऐकलेलं कुणी मोजलं नाही.

त्यांचं काम किती नाजूक होतं ते मराठीत करून बघा. सोडणं, टाकणं, त्यागणं. वहीत हे तीन बरोबरच्या चिन्हाने जोडता येतील. पण 'तिने घर सोडलं', 'त्याने बायकोला टाकलं' आणि 'राजाने संसार त्यागला' या तीन वाक्यांत तीन वेगळी आयुष्यं आहेत. 'टाकलेली' या शब्दाचं ओझं ज्या बाईने उचललंय तिला जाऊन सांगा बरं की हे समानार्थी आहेत.

यानंतर आला तो पीटर मार्क रॉजेट, ज्याचं 'थिसॉरस' आज घरोघर ठाऊक आहे. हा डॉक्टर, रॉयल सोसायटीचा वीसेक वर्षं सचिव. १८०५ पासून त्याने स्वतःपुरती शब्दांची वर्गवारी जमवत ठेवली होती आणि निवृत्तीनंतर, १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ती छापली. शब्द अकारविल्हे नाहीत, हजारेक कल्पनांखाली रचलेले. आणि विरुद्ध कल्पना शेजारशेजारच्या स्तंभांत समोरासमोर ठेवलेल्या. मांडणी फार देखणी. पण एक गोष्ट त्याने स्पष्टच सांगितली होती की समानार्थी शब्दांतले बारकावे समजावणं हे आपलं काम नाही, ते वाचकाने आपल्या जाणिवेने ओळखावं. म्हणजे हे पुस्तक ज्याला भाषा आधीच येते त्याच्यासाठी. शब्द जिभेच्या टोकावर आहे, आठवत नाही, त्याला आठवण करून देणारं. आपण मात्र ते शिकणाऱ्या पोरांच्या हातात देतो आणि मग 'पार्सिमोनियस' हा शब्द सासूच्या कौतुकात वापरला जातो. शिकणाऱ्याला रॉजेटपेक्षा हेस्टरबाई जवळच्या, असं माझं मत. पण रॉजेट अजून खपतो आहे आणि बाईंचं नाव जॉन्सनच्या चरित्रात तळटीपेसारखं येतं.

'ॲन्टोनिम' हा शब्द तर रॉजेटच्याही नंतरचा. चार्ल्स जॉन स्मिथ यांच्या १८६७ च्या पुस्तकाच्या नावातच तो 'सिनॉनिम'च्या जोडीला येऊन बसला आणि तिथून रुळला. विरुद्धार्थाची कल्पना अर्थात जुनीच. आणि मला विचाराल तर परीक्षेच्या या सगळ्या खटाटोपात विरुद्धार्थी शब्दच जास्त उपयोगाचा, कारण तो समानार्थी शब्दांची चोरी पकडतो. काटकसरीचा विरुद्धार्थी उधळ्या. चिक्कूचा विरुद्धार्थी उदार. दोघांचे विरुद्ध वेगळे निघाले, म्हणजे ते दोघे एक नव्हतेच! भाचीला मी हे करून दाखवलं. ती म्हणाली, 'मावशी, पेपरात एवढा वेळ नसतो.' तेही खरं.

पुढची गोष्ट अमेरिकेतली आहे, भरभर सांगते. विल्फ्रेड फंक याने १९४५ पासून 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये शब्दसामर्थ्य वाढवण्याचं सदर चालवलं. शब्द वाढवा, फायदा होईल, असा त्याचा रोख. १९४९ मध्ये नॉर्मन लुइसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' आलं, जे आपल्याकडे आजही फुटपाथवर मिळतं. त्यात काय शिकवलंय, तर लॅटिन आणि ग्रीक धातू. म्हणजे ओकहॅमच्या शाळेत जे फुकट मुलग्यांच्या कानावर पडत होतं, ते आता कुणीही विकत घेऊ शकत होतं. तेवढा उंबरा झिजला. तिकडच्या कॉलेजप्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये काढून टाकले, आणि पदव्युत्तर 'जीआरई'तून २०११ मध्ये. शब्द सुटा विचारायचा नाही, वाक्यात विचारायचा, असं ठरलं. इकडे आपल्या स्पर्धापरीक्षांत तो अजून सुटाच येतो.

सुटा शब्द किती फसवतो, याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं आहे. 'हाऊसवाइफ' म्हणजे घरची धनीण. हा शब्द जिभेवर घासत घासत आखूड झाला आणि त्याचे दोन तुकडे निघाले. एक 'हझिफ', म्हणजे सुईदोरा ठेवायची घडीची पिशवी. दुसरा 'हसी', म्हणजे उठवळ बाई. एका पोटातून निघालेले शब्द, आणि आज एक सालस तर दुसरा शिवी. 'हझबंड'चा मूळ अर्थही घरधनीच, पण त्याची कुठे घसरण झाली नाही. 'मास्टर' मालकच राहिला, 'मिस्ट्रेस' मालकीण होती ती ठेवलेली बाई झाली. सूत कातणारी ती 'स्पिन्स्टर', म्हणजे कष्टाने कमावणारी. तिची झाली घोडनवरी. 'बॅचलर' मात्र आजही रुबाबात मिरवतो. स्त्रीलिंग-पुल्लिंगाच्या जोड्या लावताना मुलींना हेही सांगितलं पाहिजे, कारण हा इतिहास जोड्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत असतो.

रॉजेटकडे एका कारणासाठी पुन्हा जायचं आहे. आपल्या प्रस्तावनेत तो सांगतो की शब्दांची अशी कल्पनावार मांडणी आपल्याआधी कुणी केली हे शोधताना त्याला सर्वांत जुना सापडला तो आपला अमरकोश. कोलब्रुकने केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १८०८ साली श्रीरामपूरला, बंगालमधल्या, छापलं होतं, ते त्याच्या माहितीत होतं. अमरकोशाची वर्गवारी त्याला फार विस्कळीत वाटली, विशेषतः मनाच्या व्यापारांची. वाटू दे. पण पर्यायी शब्द गुंफून पाठ करण्याची विद्या आपल्याकडे किती जुनी, हे त्याच्या त्या एका उल्लेखावरून ध्यानात येतं. जैनांचा वाटा तर त्यात मोठाच. धनंजयाची नाममाला दिगंबर पाठशाळांत मुलं घोकत आली. हेमचंद्राचार्यांचा 'अभिधानचिंतामणी' आहे. आणि या दोघांइतका बोलबाला नसलेला एक प्राकृत कोश आहे, 'पाइयलच्छी नाममाला'. आपल्या बायकांनी तो उघडावा असं मला फार वाटतं.

कर्ता धनपाल, धारानगरीचा. हाच पुढे भोजराजाच्या सभेत 'तिलकमंजरी' लिहून गाजला. हा कोश मात्र आधीचा, विक्रम संवत १०२९ चा, म्हणजे इसवी सन ९७२-७३. साल इतकं नेमकं कळतं कारण धनपालाने ते स्वतःच शेवटी नोंदवलंय, आणि नोंदवताना खूण सांगितलीय की माळव्याच्या स्वारीत मान्यखेट लुटलं गेलं ते वर्ष. मान्यखेट म्हणजे आपलं मळखेड, गुलबर्ग्याजवळचं, राष्ट्रकूटांची राजधानी. माळव्याच्या सीयक राजाने ते धुळीला मिळवलं. ज्या अमोघवर्षाचे गुरू आचार्य जिनसेन, त्याची ही नगरी. त्याच जिनसेनांच्या आदिपुराणात ऋषभदेव आपल्या मुलींना मांडीवर बसवून विद्या देतात. ब्राह्मीला अक्षरं आणि सुंदरीला अंक. ती कथा आपल्याला लहानपणापासून पाठ. मळखेडच्या बसदीला यात्रेला जाणाऱ्या आपल्या बायकांना आणि इंदूरहून तासा-दीड तासावरच्या धारेला जाणाऱ्या तिकडच्या बायकांना, या दोन गावांना एका वर्षाने असं बांधून ठेवलंय हे कदाचित ठाऊक नसेल. एका गावची लूट दुसऱ्या गावात येत होती, त्या दिवसांत धारेत बसून धनपाल प्राकृत शब्दांचे पर्याय जुळवत होता.

कुणासाठी? तेही त्याने लिहून ठेवलंय. धाकट्या बहिणीसाठी. तिचं नाव सुंदरी.

दहाव्या शतकात प्राकृत काही घराघरात बोलली जात नव्हती. बोलीभाषा केव्हाच पुढे सरकल्या होत्या. प्राकृत उरली होती ग्रंथांची, काव्याची, आगमांची. म्हणजे सुंदरीलाही ते शब्द 'ॲडव्हान्स्ड'च होते. धनपालाने पावणेतीनशेच्या आसपास गाथा रचल्या. यादी केली नाही, बरोबरची चिन्हं मांडली नाहीत. गाथा केल्या, म्हणजे धुणंभांडी करताना, दळताना म्हणता येतील. ओकहॅमच्या मास्तरांच्या सहाशे वर्षं आधीची ही गोष्ट. आणि शीर्षकावर अडाणी बायकांसाठी वगैरे काही नाही.

शेवटच्या गाथांत कवीने आपलं नाव घातलं आहे, पण कोडं करून. चार साधे शब्द दिले आहेत, प्रत्येकाचं शेवटचं अक्षर घ्यायचं, की 'धणवाल' होतं, धनपालचं प्राकृत रूप. स्वतःचं नाव त्याने असं अक्षरांत दडवलं. बहिणीचं मात्र सरळ लिहिलं.